वाचकांचे प्रश्न : परका माणूस आणि आपले गाव

प्रश्न : आमच्या गावचे नाट्यमंडळ शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसमोर दरवर्षी नवे नाटक करते. आखातात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने तेथील इराणी सहकाऱ्यांकडून ऐकलेल्या फारसी विनोदी मालिकेची गोष्ट सांगितली. त्यात शहरातला माणूस एका विचित्र खेड्यात अडकतो. त्या धर्तीवर काही लिहावे असे आम्हा तरुणांना वाटते, पण त्यात गावाची टिंगल होईल, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : ही मालिका म्हणजे ‘शबहाये बररे’, अर्थात ‘बररेच्या रात्री’. मेहरान मोदिरी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००५ साली इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. सुमारे नव्वद भाग रात्रीमागून रात्र दाखवण्याची तेथे जी पद्धत तेव्हा रुळली होती, तिच्यातलीच ही एक. पेमान कासेमखानी हे तिच्या लेखकांचे प्रमुख होते. तेहरानचा पत्रकार कियानूश प्रवासात सर्पदंशाने पडतो, शीर फरहाद नावाचा गावकरी त्याला उचलून बररे या आडगावी आणतो आणि पाहुणा तेथेच अडकून राहतो. गावात वरचे बररे आणि खालचे बररे असे दोन भाग असून त्यांचे आपसात वैर आहे. शेतात हरभरा, ताटातही हरभरा, आणि वरचढ माणसाची तोंड फाटेस्तोवर स्तुती करणे हा तेथील रोजचा शिष्टाचार.

ज्येष्ठांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नाटक लिहिण्यापूर्वीच शोधले पाहिजे. शहरातला माणूस शहाणा आणि गाव अडाणी अशी मांडणी केली, तर दुसऱ्या प्रवेशातच ते नाटक गावाच्या अपमानाचे होईल, कारण मग प्रत्येक हशा एकाच दिशेने जातो. बररेत तसे घडत नाही. ते गाव कोणत्याही नकाशावर नाही. तेथल्या निवडणुका, तेथली खुशामत आणि नियम वाकवण्याचे तेथले मार्ग तेहरानच्या प्रेक्षकाला आपल्या कचेरीतून आणि आपल्या घरातून ओळखीचे होते, आणि सरकारी वाहिनीवर जे नाव घेऊन बोलता आले नसते ते या कल्पित खेड्याच्या आडून बोलता आले. म्हणजे थट्टा खेड्याची नसून, खेडे पाहणाऱ्यांची आहे.

कियानूशचे पात्र यासाठीच मोलाचे आहे, असे मला वाटते. तो तत्त्वे घेऊन येतो, वाद घालतो, हरतो, आणि जगायचे असेल तर गावाच्या रीतींशी त्याला जुळवून घ्यावे लागते. ही भूमिका करणारे सियामक अन्सारी ऐन असह्य क्षणी गप्प राहून थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. ती नजर इराणी प्रेक्षकांच्या चांगलीच लक्षात राहिली आहे. काही न बोलता ते प्रेक्षकाला साक्षीला बोलावतात. आपल्याकडे ही सोय नवी नाही. दशावतारातला संकासूर आख्यानापूर्वी रंगमंचावर येऊन समोरच्या मंडळींशी मालवणीत थेट बोलतो, त्यांना डिवचतो, आणि जत्रेला जमलेला गाव ते आनंदाने ऐकून घेतो. तुमच्या मंडळातल्या नटांच्या अंगात ही कला असणारच, तिचा उपयोग करा.

गाव मात्र कल्पितच ठेवा. वरची वाडी आणि खालची वाडी घ्या, पालखी आधी कोणाच्या दारात जावी यावरचा मानपानाचा तंटा घ्या, पण तुमच्या गावात आज जो तंटा चालू आहे तो घेऊ नका. ज्याची जखम ओली आहे, त्याला हसता येत नाही.

प्रश्न : अशा नाटकात गावकऱ्यांनी मालवणी आणि परक्या माणसाने प्रमाण मराठी बोलावे का? विनोद आपोआप होईल, असे आमच्या दिग्दर्शकांना वाटते. (एक वाचक, मालवण)

उत्तर : तशी विभागणी करायला हरकत नाही, पण विनोद आपोआप होईल या भरवशावर राहू नका. बररेतील माणसे जी बोली बोलतात ती मालिकेच्या मंडळींनी स्वतः घडवलेली आहे, त्यामुळे ती कोणा एकाची मातृभाषा नाही. हा प्रश्न त्या देशात किती नाजूक आहे हे २००६ च्या मे महिन्यात दिसले. एका सरकारी वृत्तपत्राच्या पुरवणीतील व्यंगचित्रात झुरळाच्या तोंडी अझेरी (वायव्य इराणमधील अनेकांची मातृभाषा) शब्द घातला गेला, त्यावरून तब्रीझ आणि इतर शहरांत मोठी निदर्शने झाली, वृत्तपत्र बंद करण्यात आले आणि व्यंगचित्रकाराला तुरुंगात जावे लागले.

आपली मालवणी खरी आहे आणि ती समोर बसलेल्यांच्या घरातली आहे. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेले ‘वस्त्रहरण’ १९८० पासून मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आणि पुढे लंडनपर्यंत गेले, ते केवळ उच्चारांच्या बळावर गेले नाही. पौराणिक नाटक बसवायला निघालेल्या गावकऱ्यांचे हट्ट, रुसवे आणि वेळ मारून नेण्याची त्यांची हुशारी ही त्यातली खरी गंमत आहे. तुमच्याही नाटकात मालवणी बोलणाराच अधिक चतुर असू द्या.

प्रश्न : आम्ही गुहागरकडच्या महिला आहोत. आमच्या नाटकात परका माणूस कोण असावा आणि शेवट कसा करावा? तलाठी किंवा ग्रामसेवक चालेल का? (एक शिक्षिका)

उत्तर : तलाठी आणि ग्रामसेवक फार वापरून झाले आहेत. मला विचाराल तर परका माणूस गावचाच घ्या. आजोबांनी गाव सोडले, वडील सणापुरते येत राहिले, आणि आता मुंबईत वाढलेली नात वडिलोपार्जित जमिनीचे काम उरकायला दोन दिवसांच्या रजेवर आली आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या भावांपासून चुलत चुलत्यांपर्यंत सामायिक नावांची रांग लागलेली आहे आणि प्रत्येक हिस्सेदाराची संमती हवी आहे. कियानूशला जसा साप अडकवतो तसा हिला हा सातबारा अडकवील. एक जण म्हणेल, आधी आमच्या वाटणीचा आंबा सोडवा. दुसरी आजी म्हणेल, मी सही करीन, पण जाऊबाईंच्या नंतर. तिसऱ्याला सहीची घाईच नाही, कारण सही दिली की विचारायला कोण येणार? ही माणसे वाईट नाहीत. गावात त्यांचे महत्त्व त्या एका सहीवर उभे आहे, एवढे लिहिताना विसरू नका. त्यांना तुमच्या भागातली संगमेश्वरी बोली बोलू द्या. नमन या लोकनाट्यातल्या गवळणी आणि संकासूर पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला ती लगेच आपली वाटेल.

शेवटी नातीला सगळ्या सह्या मिळाल्या, असे दाखवू नका. हिस्सेदार म्हणून तिचेही नाव सातबाऱ्यावर चढते, आणि त्याच वेळी पुण्याहून आणखी एक नातेवाईक कागद घेऊन दारात येतो. ती त्याला बसवते, पाणी देते आणि आपल्या सहीची अट सांगते. येथे पडदा टाका. जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे लेखन शिमग्याच्या पुष्कळ आधी पूर्ण करा.