35 एमएम लोअर केलेल्या (खाली बसवलेल्या) फोक्सवॅगन पोलोला (स्टॉक 185/60 आर15) 16 इंची अलॉयवर कुठला टायर बसेल?

भावा, 195/50 आर16 घाल. स्टॉक टायरची उंची 603 एमएम, ह्याची 601, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतोय, आणि 195/55 घेतलास तर तीच उंची 621 होतीय, लोअर गाडीत मागं दोन माणसं बसली की फेंडरला घासणार. रिमचा पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5x100 लागतो, सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) 57.1 एमएम, बोअर मोठा असला तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) टाक, नाहीतर स्टिअरिंग थरथरतंय. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) कंपनीच्या रिमच्या जवळपासच ठेव, लई कमी घेतलास तर चाक बाहेर येतंय (दिसायला नाद खुळा, पण आर्चला घासतंय). फक्त साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) 13-14 एमएमनं कमी होते, तवा पावसाळ्यात गगनबावड्याकडं जाताना खड्डा दिसला की दमानं, रिमच वाकायची.