लोकअदालतीत नऊ लाख घ्यावेत का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, थोडं आखडून देतो:

"एप्रिल २०२३ मध्ये कराडजवळ सर्व्हिस रोडवर टेम्पोनं मिस्टरांच्या मोटरसायकलला उडवलं. मांडीत रॉड, उजव्या मनगटात प्लेट. त्यांचं ग्रील-शटरचं दुकान आहे, वय तेव्हा ३८. दवाखान्याला ३ लाख २० हजार लागले. माझे सात तोळे पतसंस्थेत ठेवून २ लाख ८० हजार काढले, दीड लाख भावानं दिले. अपंगत्वाचा दाखला ३५ टक्क्यांचा मिळाला. ऑगस्ट २०२३ ला दावा लावला. विमा कंपनी म्हणते, पुढच्या लोकअदालतीत ९ लाखांवर मिटवा. वकीलसाहेब म्हणतात थांबा, सतरा-अठरा मिळतील. पतसंस्थेला महिन्याला साडेतीन हजार व्याज जातं. हे वेल्डिंगचा होल्डर धरतात, पण पाच मिनिटांत हात थरथरतो. रोज ७०० रुपये देऊन कारागीर ठेवलाय. अडीच वर्षं नुसत्या तारखा चालू आहेत. अजून किती? घेऊन टाकू का?"

ताई, आधी उत्तर देतो. ९ लाखांवर सही करू नका. पण लोकअदालतीला जरूर जा, आणि आकडा घेऊन जा. तो आकडा कुठून काढायचा ते खाली सांगतो.

"अजून किती" याचं कागदावरचं उत्तर ऐकलंत तर हसाल. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं ३० दिवसांत तडजोडीचा आकडा सांगायचा असतो. तुमच्याकडे तो आकडा यायला अडीच वर्षं लागली. मधला वेळ कुठे गेला ते तुमच्या तारखांच्या कागदावरच दिसतं: टेम्पोमालकाला समन्स लागेना म्हणून चार तारखा, कंपनीचं म्हणणं दाखल व्हायला तीन, मग मुद्दे निघाले (म्हणजे वाद नेमका कशावर ते ठरलं), मिस्टरांची उलटतपासणी झाली. आता अडलंय ते डॉक्टरांच्या साक्षीवर. ती झाली की युक्तिवाद आणि निकाल. मी हिशेबाला दीड वर्ष धरतो. त्यावर कंपनी ९० दिवसांत अपिलात जाऊ शकते. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची अपिलं मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, हेलपाटा तेवढा वाचला. अपील झालं तर कंपनीला सहसा रक्कम कोर्टात भरावी लागते आणि त्यातला काही भाग अर्ज करून काढता येतो. म्हणजे सगळंच पाणी अडत नाही, पण पूर्ण रकमेला आणखी काही वर्षं लागू शकतात.

यातला सगळाच उशीर वाया गेलाय असं मात्र नाही. जखमी माणसाचा दावा घाईनं मिटवणं बहुतेक वेळा तोट्याचंच असतं, कारण हात किती सुधारणार आणि किती कायमचा अधू राहणार हे पहिल्या वर्षात डॉक्टरलाही सांगता येत नाही. २०२३ मध्येच कुणी चार लाख पुढे केले असते तर तुम्ही बहुधा घेतले असते.

आता नऊ लाख कुठून आले ते बघू. ही रक्कम हवेतून आलेली नाही. कंपनीच्या माणसानं कागदावर जे मांडलं असेल ते मीही मांडून पाहिलं.

तुमच्याकडे रिटर्न भरलेले नाहीत, पासबुकावरून महिना १५,००० सिद्ध होतील असं धरू. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात (सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल), म्हणजे २,५२,०००. ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाची रक्कम पंधरानं गुणायची (हा २००९ च्या निकालातला तक्ता). झाले ३७,८०,०००. याला कमावण्याची ताकद जितके टक्के गेली त्यानं गुणायचं. कंपनी म्हणणार, दाखला ३५ चा असला तरी तो हातापायाचा आहे, पूर्ण शरीराचा धरला तर २०. म्हणजे ७,५६,०००. त्यात दवाखान्याची बिलं ३,२०,०००, आठ महिने दुकान बंद होतं त्याचे १,२०,००० आणि वेदनांपोटी लाखभर मिळवले की १२,९६,०००. मग पंचनाम्यातलं एक वाक्य पुढे येतं: मोटरसायकल गावच्या बोळातून सर्व्हिस रोडवर येत होती. म्हणून ३० टक्के चूक तुमची. उरले ९ लाख ७ हजार. कंपनीनं सुट्टे सात हजार काढून टाकले, एवढंच!

वकीलसाहेबांचे सतरा-अठरा काढायला हीच मांडणी, फक्त ३५ टक्के पूर्ण धरायचे आणि चूक सगळी टेम्पोची. येतात १८ लाख ६३ हजार. दोघंही खोटं बोलत नाहीत. प्रत्येकानं आपल्या सोयीची टोकं घेतली आहेत. मी मधलं धरतो: ताकद ३० टक्के गेली, चूक २० टक्के आपली. १३ लाख ३९ हजार.

पण नऊ लाखांत एक गोष्ट गाळलेली आहे, आणि माझ्या मते हाच या प्रस्तावातला सर्वात मोठा खड्डा आहे. दावा लावल्या तारखेपासून रकमेवर व्याज मिळतं. दर न्यायाधिकरण ठरवतं, मी साडेसात टक्के सरळव्याज धरतो. अडीच वर्षांचे पावणेएकोणीस टक्के झाले. कंपनीच्या स्वतःच्या सगळ्यात कंजूष हिशेबावर ते चढवलं तरी आज १० लाख ७७ हजार होतात. कंपनी तुम्हाला नऊ "व्याजासकट" म्हणतेय. हा शब्द तडजोडीच्या कागदावर शोधा.

आता थांबण्याची किंमत. पतसंस्थेचं कर्ज दीड वर्ष चालू ठेवलं तर ६३,००० व्याज जाईल. त्याच दीड वर्षात, कंजूष हिशेबानंसुद्धा, दाव्यावर १ लाख २ हजार व्याज चढेल. तुम्ही म्हणाल, पैसे हातात असते तर देणी देऊन उरलेल्या ४ लाख ७० हजारांची ठेव केली असती. बरोबर, तिचं दीड वर्षाचं व्याज ४५ हजारांच्या आसपास. दोन्ही बाजू साधारण फिटल्या. म्हणजे नुसतं थांबण्यानं तुमचं नुकसान होत नाही. धोका निकालाचा आहे: न्यायाधीशांनी उत्पन्न १२,००० च धरलं आणि बाकी सगळं कंपनीच्या बाजूनं गेलं, तर दीड वर्षानं व्याजासकट हातात १० लाख २० हजारांच्या आसपास येतील, तेही अपील झालं नाही तर. तो दिवस उगवू शकतो, म्हणून वकीलसाहेबांच्या अठराला मी डोळे मिटून मान डोलवत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुम्हाला दाव्यापेक्षा जास्त ते साडेतीन हजार छळताहेत. दर महिन्याला पतसंस्थेच्या खिडकीवर उभं राहायचं, मुद्दल तसंच. तर ते दुखणं वेगळं काढू. तुम्ही २०२३ मध्ये सात तोळे ठेवले तेव्हा तोळा साठ हजारांच्या घरात होता. आज त्याच सोन्याची किंमत दुपटीच्या वर गेली आहे. २ लाख ८० हजारांसाठी सात तोळे अडकवून ठेवायची गरजच उरलेली नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सोनेतारण मिळेल. पाच तोळ्यांतही भागेल, दोन तोळे घरी येतील. व्याज महिन्याला साडेतीन हजारांऐवजी सव्वादोन हजारांच्या आत. मोडा असं मी म्हणत नाही. बाईच्या अंगावरच्या सोन्याबद्दल तिऱ्हाइतानं बोलू नये. पण कर्ज फेडायला अडीच तोळेही पुरतील, हे माहीत असलेला माणूस लोकअदालतीच्या टेबलाशी वेगळ्या आवाजात बोलतो. पतसंस्थेत आधी मुदतपूर्व फेडीचा आकार विचारा, मग बँकेत जा. हे काम लोकअदालतीच्या आधी उरका.

आता तुमचा आकडा. मागा १४. १२ ला मिटत असेल तर मिटवा, मला त्यात काही गैर वाटत नाही. दीड वर्षाची धाकधूक आणि अपिलाचं सावट जाण्याला किंमत आहे, ती मी दीड-दोन लाखांपर्यंत मोजायला तयार आहे. ११ च्या खाली उठून या. उठून आल्यानं काही बिघडत नाही, दावा जिथे होता तिथून पुढे चालतो. पण सही केलीत तर लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, दावा कायमचा संपला. मनगटातली प्लेट काढायची शस्त्रक्रिया अजून बाकी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्या खर्चाचं डॉक्टरांचं पत्र आजच घ्या. सहीनंतर त्याचा एक रुपया मिळणार नाही.

टेबलावर सगळ्यात जड पडेल तो कागद तुम्हाला बहुधा कागदच वाटत नसेल. कारागिराला रोज ७०० देता, म्हणजे महिन्याला २५ दिवस धरले तर साडेसतरा हजार. मिस्टरांच्या हाताची किंमत यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? वहीत लिहिता की नुसते हातात देता? आजपासून फोनवरून त्याच्या खात्यात द्या, मागच्या महिन्यांबद्दल त्याचं प्रतिज्ञापत्र वकिलांना विचारून घ्या. रॉड आणि अँगलची अपघाताआधीची बिलं हार्डवेअरवाल्याकडून काढा. आणि डॉक्टरांच्या साक्षीचा पाठपुरावा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान हे एकच नव्हे. कारकुनाचं मनगट आणि वेल्डरचं मनगट यांत फरक आहे, तो डॉक्टरांच्या तोंडून यायला हवा.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. पैसे सहीच्या दिवशी मिळत नाहीत, महिना-दोन महिने धरा, आणि काही भाग ठेवीत ठेवा असा आदेशही होऊ शकतो. भावाला तारीख कबूल करू नका. पॅन कार्ड द्या. मूळ भरपाईवर कर नाही. व्याजाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल तुमच्या बाजूचा आहे आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात ते करमुक्त करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. वकिलांची फी किती आणि कशावर, हे टेबलाशी बसायच्या आधी स्पष्ट करून घ्या, नंतर अवघड होतं. उरलेल्या पैशांत प्लॉट घ्यायचा तुमच्या दिरांचा विचार मला पटलेला नाही. ज्या घरातला कमावता हात अधू झालाय त्यानं पैसा जमिनीत गाडू नये. त्यावर पुन्हा कधीतरी.

(इतर वाचकांसाठी: अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायची अट २०२२ पासून परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून घरी बसू नका.)

ताई, दाखल्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स मला पाठवा. ३५ टक्के या आकड्यापुढे "उजवा हात" लिहिलंय की "संपूर्ण शरीर", ते बघायचंय. दुसरं असेल तर माझा ११ चा आकडा वर सरकेल.