बारा वंश मोजताना तेरा का होतात?

बायबलात इस्राएलाचे वंश बारा म्हणतात, पण एका यादीत लेवी आहे, दुसरीत नाही, योसेफ तर नकाशातून गायबच, आणि सगळे धरले तर तेरा भरतात, असं तुम्ही विचारलंय. मोजणी चुकलेली नाही. तेराच भरतात.

वंशांचा मूळपुरुष याकोब, त्याचंच दुसरं नाव इस्राएल. त्याचे मुलगे बारा, वंशांना नावं त्यांचीच: लेआचे सहा, राहेलचे दोन, दोन दासींचे दोन-दोन. त्यातल्या लेवीच्या वंशाकडे पूजाअर्चा, त्यामुळे सलग मुलूख नाही. नुसती 48 नगरं आणि भोवतालची गायरानं. ती रिकामी जागा भरली योसेफाच्या दोन मुलांनी. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 48व्या अध्यायात तो प्रसंग आहे. म्हाताऱ्या याकोबाला दिसत नाही. योसेफ थोरल्या मनश्शेला मुद्दाम त्याच्या उजव्या हाताशी उभा करतो. आजोबा हातांची अढी घालून उजवा हात नेमका धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतात. योसेफ तो उचलायला जातो, तर म्हणतात, ठाऊक आहे मला. पुढे इस्राएलाचं राज्य दुभंगलं, तेव्हा उत्तरेच्या राज्याचा पहिला राजा यराबाम एफ्राईमचाच निघाला, हे लक्षात ठेवून ही गोष्ट वाचा.

थोडक्यात, जमीन वाटताना लेवी बाहेर आणि योसेफाचे दोन. भावंडं मोजताना लेवी आत आणि योसेफ एकच.

माझं मत विचाराल तर बारा हा आकडा आधी ठरला, नावं नंतर बसवली. बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातलं दबोरा या संदेष्टीचं विजयगीत बघा. बायबलातल्या सर्वांत जुन्या काव्यांत अनेक अभ्यासक ते धरतात. त्यात नावं दहाच. मनश्शेऐवजी माखीर, गादऐवजी गिलाद. रऊबेन मेंढवाड्यात बसून राहिला, दान गलबतांपाशी थांबला, असे टोमणेही आहेत. आणि दक्षिणेतल्या मोठ्या यहूदा वंशाचा उल्लेखच नाही! इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात (इ.स.पू. 1208च्या सुमारास) ‘इस्राएल’ हे लोक आहेत, वंश एकही नाही. दासीपुत्रांचे वंश नकाशात बहुतेक कडेलाच का, तेही बघा: आशेर किनाऱ्यावर, नफताली उत्तरेला, गाद यार्देन नदीपलीकडे.

‘हरवलेले दहा’ म्हणजे इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने बुडवलेल्या उत्तरेच्या राज्यातले दहा वंश. आपल्या रायगडातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं नातं काही जण तिथे जोडतात. खुद्द त्यांच्या परंपरेत ठळक आहे ते नवगावजवळ फुटलेलं गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी. आडनावं मात्र गावांची: पेणकर, रोहेकर, केहीमकर.