रस्त्याला न्यायाधीशांचं नाव

प्रश्न : साताऱ्यातल्या आमच्या रस्त्याला इथल्या एका दिवंगत न्यायाधीशांचं नाव द्यायचं आहे. अर्ज कुठे करायचा?

उत्तर : आधी रस्ता कोणाचा ते पाहा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, तर नगरपरिषदेत नुसते हेलपाटे. नगरपरिषदेचाच असेल, तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या. सोबत नकाशा, रहिवाशांच्या सह्या, कुटुंबीयांचं संमतिपत्र. रस्ता कुठून कुठवर, हे नेमकं लिहा. 'मारुती मंदिरापासून पुढे' एवढ्यावर विषय हमखास लटकतो. आधीचं नाव असेल तर जुन्या ठरावांत सापडेल. सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो, तेव्हा प्रभागातल्या नगरसेवकांना गाठा. ठरावाची प्रत हाती येईपर्यंत फलक रंगवू नका. आणि नावामागे पदव्यांची माळ नको, लांब नाव लोक आद्याक्षरांवर आणतात. माहुलीच्या प्रभुण्यांना 'रामशास्त्री' एवढंच पुरलं!