आधी यादी, मग वर्गणी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपती जवळ आले की या सदराकडे कोल्हापूर परिसरातल्या मंडळांची पत्रे वाढतात. यंदा त्यात दोन ट्रस्टच्या सचिवांची आणि एका बचतगटाची भर पडली आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचं तालीम मंडळ जुनं आहे, पण ट्रस्ट म्हणून नोंदलेलं नाही. यंदा डॉल्बी बंद करून, शिवाय वेगळी वर्गणी काढून पेठेतल्या पन्नासेक घरांना धान्य द्यायचं पोरांनी ठरवलंय. पैसे अध्यक्षांच्या मोबाइलवर घेतले तर चालतील का? दुकानदार ८०-जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी पावती मागतात, तिचं काय?
– एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : अध्यक्षांचा क्यूआर कोड मांडवात लावू नका. खाजगी खात्यात आलेला पैसा कागदोपत्री त्या माणसाचा होतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम आली, तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. आणि प्राप्तिकर खात्याआधी गल्ली हिशोब विचारते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून पैसे किंवा वस्तू गोळा करायच्या असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. अर्ज ऑनलाइन होतो. मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे, जागेचे ना-हरकत पत्र आणि गेल्या वर्षीचा हिशोब हाताशी ठेवा. अर्जात उद्देश नुसता ‘गणेशोत्सव’ लिहिला जातो आणि नंतर धान्याचा खर्च कुठे दाखवायचा असा पेच पडतो. म्हणून ‘गरजू कुटुंबांना धान्यवाटप’ हे शब्द ठरावात आणि अर्जात दोन्हीकडे घाला. परवानगी मिळाली की मंडळाच्या नावाने खाते काढा. तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील असे ठेवा आणि क्यूआर त्याच खात्याचा लावा.

पावतीपुस्तकांवर छापील क्रमांक हवेत. कोणते पुस्तक कोणाकडे गेले याची वही ठेवा. घोळ बहुतेक वेळा अर्धवट वापरलेल्या पुस्तकांत होतो, कारण ती परत येत नाहीत. नवे पुस्तक देताना जुने जमा करून घ्यायचे, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणे वाचतील. रोख त्याच संध्याकाळी दोघांनी मोजून वहीत सही करावी आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. उत्सवाची वर्गणी आणि धान्याची वर्गणी यांचे रकाने पहिल्या पावतीपासून वेगळे.

८०-जीची पावती तुम्हाला देता येणार नाही, तसे कुणाला सांगूही नका. ज्या ट्रस्टला ही मान्यता आहे तिच्याशी बोलून उपक्रम तिच्यामार्फत करता येतो, पण मग पैसा तिच्याच खात्यात आणि पावती तिचीच. तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, तांदळाच्या पोत्याला नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या वैयक्तिक करदात्याला तर मुळीच नाही. दुकानदाराला एवढे सांगितले की तो बहुधा साध्या पावतीवर खूश असतो.

प्रश्न : आमच्या बचतगटाने मागे वाटप केलं तेव्हा दारात गाडी असलेल्यांकडेही किट गेलं आणि एका विधवा बाईंना मिळालंच नाही. यादी कशी करायची? किटमध्ये काय घालायचं?
– बचतगटाच्या अध्यक्षा, कसबा बावडा

उत्तर : ताई, यादी पैसे जमवायच्या आधी करा. पैसे हातात आल्यावर यादी करायला बसले की प्रत्येक सभासद आपापली पाच नावे घेऊन येतो.

नावे तीन ठिकाणांहून घ्या : अंगणवाडीताई किंवा आशाताई, शाळेतल्या बाई आणि कोपऱ्यावरचा किराणावाला. उधारी कुणाची थकली आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. मात्र त्याला नावे विचारा, आकडे विचारू नका. दोन ठिकाणांहून आलेल्या नावांच्या घरी आधी जा. जाताना दोघी जा, त्यातली एक त्या गल्लीबाहेरची असावी. प्रश्न मोजकेच : कमावते किती, काम रोजचे की कधीमधी, आजारी कोण, भाडे किती थकले, शाळेची मुले किती आणि रेशनवर काय मिळते.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण किट त्यावर ठरते. अंत्योदय कार्डावर महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तेही २०२३ पासून मोफत. अशा घरात तुम्ही आणखी १० किलो तांदूळ नेऊन दिलात तर तो विकला जातो आणि मग लोक म्हणतात, ‘यांना गरजच नव्हती.’ गरज होती, पण तेलाची आणि डाळीची. उलट केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतेच असे नाही. केशरीतही काही कार्डे प्राधान्य यादीत आहेत, काही नाहीत. कार्ड हातात घेऊन शिक्का बघा.

रेशन मिळणाऱ्या पाच माणसांच्या घराला महिन्यासाठी असे किट पुरते : तूरडाळ २ किलो, मसूर किंवा हरभरा १ किलो, तेलाच्या १ लिटरच्या दोन पिशव्या, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, अंगाचे चार साबण, कपड्यांच्या चार वड्या, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटे. वजन अकरा-बारा किलो होते. एकट्या बाईला ते घेऊन चालणे जड, म्हणून दोन पिशव्या करा. रेशन मिळत नसेल तर तांदूळ १०, गहू १० आणि ज्वारी ५ किलो वेगळ्या पोत्यात घरपोच.

साबण आणि चहा एका पिशवीत कधीही घालू नका, चहाला साबणाचा वास धरतो. तेलाची पिशवी आधी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून सगळ्यात वर ठेवा. एक फुटली तर खालची साखर आणि डाळ दोन्ही जातात. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तीन दुकानांचे लेखी भाव घ्या आणि फुटलेला माल बदलून देण्याचे बोलून घ्या.

हंगामात ऊसतोडीची माणसे खोप्यांवर असतात, त्यांची नावे कुठल्याच स्थानिक यादीत नसतात. त्यांचे कार्ड बीडकडचे असले तरी आधारच्या अंगठ्यावर इथल्या रेशन दुकानात धान्य उचलता येते. अनेकांना हे माहीत नसते. किट देण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जाणे जास्त उपयोगाचे.

आणि फोटो. घेणाऱ्याच्या हातात पिशवी देतानाचा फोटो नको. हिशोबाला सहीचा कागद आणि दुकानाचे बिल पुरते.

प्रश्न : पुराच्या वेळी आमच्या कॉलेजचे एनएसएसचे विद्यार्थी मदतीला जातात. पहिल्या दिवशी साठ, चौथ्या दिवशी सहा. साहित्यही नको ते जमतं. नियोजन कसं करावं?
– प्राध्यापक, जयसिंगपूर

उत्तर : सर, साठ जणांना पहिल्या दिवशी बोलावणे हीच अडचण आहे. पाणी चढते तेव्हा काम प्रशासनाचे आणि बचाव पथकांचे असते, विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरायचे नाही. खरे मनुष्यबळ लागते ते पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवस. बारा-बारांच्या पाच तुकड्या करा, प्रत्येकीला दोन दिवस द्या आणि तारखा आधीच जाहीर करा.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ३९ ला खरेदीच्या याद्या आणि गाड्या पक्क्या करा. साठा एकाच ठिकाणी नको. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. माल शहरात आणि माणसे शिरोळात अशी गत व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही जयसिंगपुरात आहात, शिरोळ तालुक्याचा साठा तिथेच ठेवा आणि कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीचा शहरातल्यांकडे सोपवा.

छावणीत बहुधा शिजवलेले अन्न मिळते आणि सामान ठेवायला जागा नसते. म्हणून किट लोक घरी परततात त्या दिवशी द्या. तेव्हा गावात वीज नसते, गिरणी बंद असते. गहू-ज्वारी देऊन उपयोग नाही, पीठ द्या : पाच किलो, जाड प्लॅस्टिकमध्ये. त्याबरोबर पोहे, चिरमुरे, मेणबत्त्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी आणि डासांच्या अगरबत्त्या. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या, किती पाण्याला किती हे त्यांनाच विचारून पिशवीवर चिकटवा. पाच घरांमागे एक खोरे, दोन पाट्या, दोन खराटे, ब्लीचिंग पावडर आणि रबरी हातमोजे. गाळ काढायला साधन नसेल तर स्वयंपाकाचे सामान ठेवायचे कुठे?

गाळ उपसायच्या आधी मात्र प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो त्या घरच्याच मोबाइलवर काढून द्या. उत्साहाच्या भरात पोरे घर लख्ख करतात आणि पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

गमबूट नसलेल्याने आणि पायाला जखम असलेल्याने चिखलात जाऊ नये, लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. जुने कपडे घेऊच नका. ते निवडण्यात दहा माणसांचा दिवस जातो आणि शेवटी ढीग रस्त्यावर पडतो. नवी अंतर्वस्त्रे, टॉवेल आणि चादरी घ्या.

प्रश्न : आमचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी सीएसआरसाठी (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चासाठी) फिरलो. कुणी ‘आम्हाला लागू नाही’ म्हणतं, कुणी ‘सीएसआर-१ आणा’ म्हणतं. साखर कारखान्याचे चेअरमनही नाही म्हणाले.
– सचिव, कोल्हापूर

उत्तर : ‘लागू नाही’ हे बहुतेक ठिकाणी खरेच असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी गाठलेल्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. आपल्याकडच्या बहुसंख्य फाउंड्री आणि मशीन शॉप त्यात बसत नाहीत, कित्येक तर भागीदारी संस्था आहेत. सहकारी साखर कारखाना, दूध संघ किंवा सहकारी बँक कंपनी कायद्याखाली येतच नाही. तिथे ‘सीएसआर’ हा शब्द वापरू नका. धर्मादाय तरतूद आहे का ते विचारा आणि संचालक मंडळाच्या सभेआधी अर्ज द्या.

ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी तुमची कागदपत्रे अशी हवीत : ट्रस्टची नोंदणी, प्राप्तिकराची १२-ए (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८०-जी मान्यता (नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएकडून आजचे घ्या), तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ नोंदणी. ही शेवटची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते. विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीएचे प्रमाणन लागते. २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचे काम करू शकत नाही, त्यामुळे ‘आणा’ म्हणणारा टाळत नव्हता.

प्रस्ताव दोन पानांचा. कोणती कुटुंबे, किती, काय देणार, नगाचा दर, कधी संपणार, हिशोब कोण तपासणार. विश्वस्तांची छायाचित्रे आणि सत्काराची कात्रणे काढून टाका. एप्रिल ते जुलैमध्ये द्या. मार्चमध्ये कंपनीकडे उरलेली रक्कम कधीकधी झटकन मिळते, पण ती ३१ मार्चच्या आत खर्च होणार असेल तरच घ्या. तुमच्या खात्यात पडून राहिलेला पैसा कंपनीच्या हिशोबी खर्च झालेला नसतो. तिथे नाते एकदा बिघडले की पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

काही गोष्टी मागूच नका : फक्त त्यांच्याच कामगारांच्या कुटुंबांसाठीचा कार्यक्रम, जाहिरातीच्या बदल्यात प्रायोजकत्व किंवा एका दिवसाची मॅरेथॉन. कंपनीने दिलेला माल किंवा कामगारांनी दिलेला वेळ रुपयांत मोजून सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. तुमच्या समन्वयकाचा पगार आणि गाडीभाडे हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे, तो अंदाजपत्रकात उघड दाखवा. लपवून धान्याच्या दरात घुसवणारे पहिल्याच तपासणीत सापडतात.

छोट्या युनिटकडे पैसे सोडून बरेच काही असते : रविवारी रिकामा टेम्पो आणि ड्रायव्हर, पावसाळ्यात कोरडे शेड, पुठ्ठ्याची खोकी. कामगार एका दिवसाचा पगार द्यायला तयार असतील तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या, सूचनाफलकावरची एक नोटीस पुरत नाही.

प्रश्न : गल्लीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे गोळा करतोय. लवकर कसे जमतील?
– राजारामपुरी

उत्तर : थोडे थांबा आणि आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ऑपरेशन योजनेतले आणि रुग्णालय यादीतले हवे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी. भरलेले बिल नंतर परत मिळेल या आशेवर राहू नका. ते जमले नाही तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० लाख आणि ३.६० लाख. तहसीलदारांचा दाखला लागतो, तो आजच मागा. एवढे करून जी तूट राहील तेवढीच जमवा, थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. जास्त जमले तर कुठे जाणार हे पहिल्याच आवाहनात लिहा.

प्रश्न : निधीसाठी शंभर रुपयांचं कुपन काढून लकी ड्रॉ ठेवला तर? आणि दुबई-अमेरिकेतल्या मित्रांचे पैसे चालतील का?
– शाहूपुरी

उत्तर : लकी ड्रॉ नको. शासनाची परवानगी नसलेली सोडत ही लॉटरी ठरू शकते, भारतीय न्याय संहितेचे कलम २९७ त्यासाठीच आहे. त्यापेक्षा तालमींचा फुटबॉल सामना आणि प्रेक्षकांत फिरणारी कुलूपबंद पेटी बरी. पेटी दोघांसमोर उघडायची.

मित्र भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी नाही, तो दुबईत राहत असला तरी. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा मात्र परदेशी ठरतो, मग तो जन्माने कोल्हापूरचा का असेना. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय तो घेता येत नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे पैसे येण्याआधी विचारा आणि त्याची प्रत फाइलला लावा.