झाडपाल्याच्या औषधाला साइड इफेक्ट नसतात हे खरं का? आईचा काढा आणि गुडघ्याच्या पुड्या

तुम्ही विचारलंय की आईला शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, शेजारच्या काकूंनी गुळवेल-हळद-मिरीचा काढा रोज घ्यायला सांगितलाय, शिवाय गुडघ्यासाठी बाजारातनं आणलेल्या पुड्या दोन महिने झाले चालू आहेत, आणि सगळे म्हणतात झाडपाल्याचं आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो, तर हे खरं का.

खरं नाही. पण पुढचं वाचायच्या आधी एक ऐका, त्या पुड्या आज एकदम बंद करू नका. का ते खाली सांगतो.

मी बी.फार्म, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मेडिकल चालवतोय. झाडपाल्याच्या विरोधात मी अजिबात नाही, आमच्या आजीच्या हातचा कषाय (आमच्याकडं काढ्याला कन्नडमधनं आलेला हाच शब्द चालतो) पिऊनच मोठा झालोय. पण झाडात ताकद असते म्हणूनच तर त्याचं औषध होतं, आणि ताकद आहे म्हटल्यावर ती फक्त चांगल्याच बाजूनं कशी चालेल?

आमच्याच घाटातलं उदाहरण देतो. पश्चिम घाटाच्या जंगलात नरक्या म्हणून झाड आहे, काही लोक त्याला अमृता पण म्हणतात, बघा एकाच झाडाला दोन्ही नावं. त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. हे द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडात सापडलं, १९६६ साली, अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी शोधलं, आणि हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. कॅन्सरवर जोरात काम करतंय म्हणून सत्तरच्या दशकात माणसांवर चाचण्या झाल्या आणि त्या थांबवाव्या लागल्या, कारण पेशंटना जुलाब, रक्तातल्या पेशी कमी होणं, लघवीतनं रक्त असले त्रास व्हायला लागले. मग त्या रेणूत बदल करून, मात्रा ठरवून, १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं अमेरिकेत मंजूर झाली, आज जगभर वापरतात. म्हणजे झाडातलं द्रव्य सापडल्यापासनं ते पेशंटला धीरानं देता येईपर्यंत ३० वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी वर्षं किती द्यायचं, कुणाला द्यायचं, काय बिघडतंय हे बघण्यात गेली. काढ्याच्या बाबतीत हे बघणं कुणी करत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता तुमच्या काढ्याकडं येतो. गुळवेल कोविडच्या काळात घरोघरी उकळली गेली, आमच्या दुकानातनं पण गोळ्या भरपूर गेल्या. नंतर मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधले ६ पेशंट नोंदवले, गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले. पुढं देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंट मांडले. त्यातल्या बऱ्याच जणांत स्वतःच्याच लिव्हरवर शरीर हल्ला करतं तसली लक्षणं दिसली, म्हणजे आत दबलेला आजार गुळवेलीनं वर काढला असावा असं त्यांचं म्हणणं. आयुष मंत्रालयानं यावर हरकत घेतली, की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, गफलत झाली असेल. ही हरकत उडवून लावण्यासारखी नाही, आमच्या भागातच गुळवेलीची एक बहीण मिळते, तिची पानं लवदार असतात, आणि रानातनं आणणारा माणूस दोन्ही एकाच पोत्यात भरतो. पण तुमच्या दृष्टीनं बघा, वेल खरी असली आणि लिव्हरला त्रास झाला काय किंवा वेलच दुसरी निघाली काय, पिणारी तुमची आईच. थायरॉइड, संधिवात किंवा असा कुठला ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच हल्ला करतं तसला) तिला असेल तर मी गुळवेल सरळ नको म्हणेन.

हळद-मिरीची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. नुसत्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. १९९८ मध्ये बेंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे हळदीबरोबर मिरी टाकणाऱ्या आपल्या बायका बरोबरच होत्या! पण पायपरीन हे करतं कसं, तर आतड्यात आणि लिव्हरमध्ये औषधं मोडणारी जी यंत्रणा आहे तिला ते मंद करतं, आणि ती यंत्रणा काय हळद आली का गोळी आली बघत नाही, बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलचं, फिटच्या फेनिटॉइनचं प्रमाण पण त्यानं रक्तात वाढतं. आमटीतल्या हळद-मिरीची काळजी करू नका. रोज चमचे मोजून घेतलेला काढा आणि बाजारातल्या जोरदार कॅप्सूल हा वेगळा हिशोब आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनं लिव्हर दुखावलेले १० पेशंट मांडले होते, त्यातल्या ७ जणांत एका जीनचा एकच ठरावीक प्रकार सापडला, म्हणजे शेजारच्या काकूंना सोसलं म्हणून आईला सोसेल असं नाही. काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर ते आजच काढा, ज्येष्ठमध रोज घेतलं की बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. आणि कारल्याचा रस पण चालू असेल तर शुगरच्या गोळीबरोबर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम, थरथर, चक्कर याकडं लक्ष ठेवा.

आता पुड्या. हे लिहायला मला जड जातंय. माझी मावशी नंदगडकडं असते, गुडघ्यानं बेजार होती, बाजारात एकजण कागदात बांधलेली पावडर द्यायचा, वर नाव नाही, काही नाही. पंधरा दिवसांत मावशी चुलीपुढं मांडी घालून बसायला लागली, सगळ्यांना आनंद. आठ महिन्यांनी मी बघितलं तर तोंड गोल सुजल्यासारखं, हाताला जरा लागलं की काळंनिळं, आणि शुगर तीनशेच्या वर, जी आधी कधीच नव्हती. मला संशय आला यात स्टेरॉइड आहे, असल्या गुडघ्याच्या पावडरीत डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइड), डायक्लोफेनॅक (दुखणं थांबवणारं औषध) मिसळलेलं सापडतं हे आम्ही कॉलेजमध्ये शिकलो होतो. मी रागानं पुड्या गटारात टाकल्या आणि म्हणालो, आजपासनं बंद. चार दिवसांनी उलट्या, उभं राहता येईना, बीपी खाली, बेळगावला ॲडमिट करावं लागलं. बाहेरनं स्टेरॉइड मिळत राहिलं की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवायचं बंद करतात, त्या लगेच जाग्या होत नाहीत, हे मला पाठ होतं आणि तरी मी तेच केलं. डॉक्टरांनी परत स्टेरॉइड चालू करून हळूहळू, काही महिन्यांत कमी केलं. पुड्याच शिल्लक नव्हत्या म्हणून आत काय आणि किती होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून तुम्ही उरलेल्या पुड्या, काढ्याचं सामान आणि आईच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून उद्याच डॉक्टरांकडं जा, आईला घेऊन, आणि पुड्या दोन महिने चालू आहेत हे तोंडानं सांगा, डॉक्टर ओरडतील म्हणून बायका हेच लपवतात. शुगर, बीपी आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. आमच्याकडं अजून एक अडचण असते, गोळीवर इंग्रजी, चिठ्ठी इंग्रजी, नर्स कन्नडमध्ये सांगते आणि मावशीला फक्त मराठी येतं, तर मेडिकलवाल्याला मराठीत लिहून द्यायला सांगा, मी देतो, कुणीही देईल.

त्रास झाला तर कळवायची सोय पण आहे, २०१० पासनं देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवतात, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, पेशंटचे नातेवाईक पण फोन करू शकतात. मावशीच्या वेळी मी हा फोन केला नाही. आईच्या गोळ्यांची नावं मला कळवा, काढ्याबरोबर कुठली जमत नाही ते बघून सांगतो.