टीव्हीचे पैसे क्लबांत सारखे वाटले तर युरोपच्या फुटबॉलमध्ये दरवर्षी तेच ते विजेते दिसणं थांबेल का?

फक्त देशांतर्गत लीगमधलं वाटप सुधारून ते थांबत नाही. स्पेनचा अनुभव पाहा. 2015 पर्यंत रिअल माद्रिद आणि बार्सिलोना आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकत. त्या वर्षी सरकारने अध्यादेश काढून सामूहिक विक्री सक्तीची केली: निम्मी रक्कम सर्वांना सारखी, उरलेली निकाल आणि लोकप्रियता पाहून. छोट्या क्लबांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. तरी 2015-16 पासूनच्या दहा हंगामांत नऊ जेतेपदं या दोघांचीच, एक अ‍ॅटलेटिकोचं.

खरी गोम चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपभरातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, पैशात आहे. 2024-25 पासून बक्षीस निधीतला 27.5 टक्के भाग समान, 37.5 टक्के कामगिरीवर आणि तब्बल 35 टक्के देशाची टीव्ही बाजारपेठ व क्लबची युरोपीय स्पर्धांतल्या मागच्या पाच आणि दहा वर्षांच्या कामगिरीची पुण्याई पाहून वाटला जातो. हा शेवटचा हिस्सा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण काल जो मोठा होता त्याला तो उद्याही मोठा ठेवतो.

छोट्या देशात तर समान हिस्साही तोल बिघडवतो. क्रोएशियाचा डिनामो झाग्रेब 2024-25 मध्ये पहिल्या टप्प्यातच बाद झाला. तरी प्रवेशाचे 1 कोटी 86 लाख युरो, प्रत्येकी 21 लाखांचे तीन विजय आणि 7 लाखांच्या दोन बरोबऱ्या धरल्या तर 2 कोटी 63 लाख झाले, बाकीचे हिस्से वेगळेच. घरच्या प्रतिस्पर्ध्यांनी एवढे पैसे आणायचे कुठून? 2006 ते 2025 या वीस हंगामांत डिनामो 18 वेळा विजेता आहे.

प्रवेशाचंही तेच. 2024-25 पासून चॅम्पियन्स लीग 32 वरून 36 संघांची झाली. वाढीव चारपैकी एकच जागा छोट्या देशांच्या विजेत्यांच्या पात्रता फेरीला मिळाली. दोन जागा आदल्या हंगामात युरोपात सरस ठरलेल्या देशांना जातात: पहिल्या वर्षी इटली-जर्मनी, दुसऱ्या वर्षी इंग्लंड-स्पेन.

क्लबने संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांत ठेवण्याचा युएफाचा (युरोपीय फुटबॉल संघटनेचा) नियम दिवाळखोरी टाळायला चांगला, पण तो दरी बुजवत नाही. 80 कोटी कमावणारा 56 कोटी उधळू शकतो, 5 कोटीवाला साडेतीनच.

म्हणून आधी तो 35 टक्क्यांचा हिस्सा कापावा आणि युरोपीय स्पर्धांच्या एकूण उत्पन्नातून, त्यांत न खेळणाऱ्या क्लबांना मिळणारा 7 टक्क्यांचा वाटा निदान दुप्पट करावा.